माशाच्या काट्याचे मडगार्ड

सुज्ञ वाचकहो, एका जुन्या मोटारीच्या मडगार्डाच्या पोटात मला जे दिसले, आणि ते दिसल्यामुळे माझ्या पायाखालची जमीन कशी सरकली, त्याचा वृत्तांत मी येथे यथाशक्ती व यथामती सादर करणार आहे. त्यात पदरचे काहीही घातलेले नाही. माझे शालेय शिक्षण सातव्या इयत्तेपाशी खुंटले. तदनंतरचे सर्व अध्ययन पत्रा व हातोडी यांच्यापाशी झाले. तथापि वाचनाची गोडी मला पूर्वीपासून आहे, आणि जे सांगायचे ते नीट बांधून सांगावे, असे माझे मत आहे. पत्र्याचा जोड जसा उकलू नये, तसे वाक्यही उकलू नये.

प्रथम व्यवसायाविषयी निवेदन करणे अगत्याचे आहे. ज्यांचे कारखाने केव्हाच बंद पडले, अशा मोटारींचे अंग आम्ही हाताने घडवतो. दार कुजले, बॉनेट चेपले, मडगार्डाची गंजून चाळण झाली, तर त्याचा जोड कोणत्याही दुकानात मिळत नाही. मग सपाट पत्रा घ्यायचा, वाळू भरलेल्या कातडी पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने त्याला पोट आणायचे, आणि त्यानंतर बाहेरून गुळगुळीत लोखंडी ठोकळ्याचा टेका देऊन आतल्या अंगाने हलक्या हातोडीचे ठोके ओळीने घालत ते पोट आवळून घ्यायचे. ठोके कमी पडले तर पत्रा लवतो. जास्त पडले तर तो ढिला होतो, आणि अंगठ्याने दाबताच तेलाच्या रिकाम्या डब्याप्रमाणे डबडब वाजतो. पत्रा बोलू लागला असे आम्ही म्हणतो. आणि बोलणारा पत्रा म्हणजे पत्रेवाल्याची नाचक्की.

माझे वडील या विद्येत नामांकित होते. लोक त्यांना ‘काट्याचे मिस्त्री’ म्हणत. त्याचे कारण असे, की त्यांनी घडवलेले मडगार्ड उलटे करून पाहिले तर मधोमध एक सरळ कणा दिसे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना ठोक्यांच्या तिरप्या ओळी उतरत गेलेल्या असत. उजव्या अंगाच्या उजवीकडे, डाव्या अंगाच्या डावीकडे. हुबेहूब माशाचा काटा. माणसाचा ठोका ज्या हाताने पडतो त्या हाताकडे ओळ झुकते, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. अर्थात, वडील दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने हातोडी चालवत, असा निष्कर्ष सर्वांनी काढला होता. काट्याच्या मडगार्डाचा पत्रा कधी बोलत नसे. दोन्ही अंगांनी सारखा ताण बसल्यामुळे तो ताशासारखा ताठ राही.

ते दिवस माझ्या लहानपणीचे. मी सातवी सोडून दुकानात उभा राहू लागलो, त्याच सुमारास वडिलांचा काटा बंद झाला. ते किरकोळ कामे घेऊ लागले. कोणी विचारले तर म्हणत, “हात म्हातारा झाला.” वस्तुतः त्यांचे केसही तेव्हा पिकलेले नव्हते. पुढे ते निवर्तले आणि दुकान माझ्याकडे आले.

काटा पुन्हा उभा करावा, ही माझी एकमेव महत्त्वाकांक्षा होती. त्यासाठी मी उजवा हात कमरेच्या पट्ट्याला बांधून डाव्या हाताने हातोडी चालवण्याचा सराव केला. दाढीही डाव्या हाताने करू लागलो. माझ्या हनुवटीवरील खुणा ही त्याचीच साक्ष होय. वर्षानुवर्षे असा अभ्यास करून डावा हात चालू लागला खरा, परंतु मनगट सुजू लागले. रोज संध्याकाळी मी ते गरम पाण्यात बुडवून बसत असे, आणि सौभाग्यवती म्हणत, “अहो, देवाने उजवा हात दिलाय ना, मग त्याच्यावर का रुसलात?”

असो. आता मूळ कथानकाकडे वळतो.

आमच्या गावातील दातांच्या डॉक्टरीणबाई आपल्या आजोबांची दोन आसनांची मोटार घेऊन माझ्याकडे आल्या. मोटारीचे मागचे उजवे मडगार्ड माझ्या वडिलांनी फार पूर्वी घडवलेले होते. डाव्या मडगार्डावर भिंत कोसळून त्याचा पार चुरा झाला होता. बाईंची अट एकच होती: नवे डावे मडगार्ड आतून-बाहेरून उजव्यासारखे हवे.

मी जीव ओतून पहिला पत्रा घडवला. बाई आल्या, जमिनीवर चक्क उकिडव्या बसल्या, आणि पिशवीतून दात तपासायचा तो लांब दांड्याचा इवलासा आरसा काढून त्यांनी मडगार्डाच्या खाली सरकवला.

“हे कोणी केलं?”

“मीच, बाई.”

“आणि ते पलीकडचं?”

“वडिलांनी.”

“कळतंय.” त्यांनी अंगठ्याने दाबले. पत्रा डबडबला. “मिस्त्री, किडलेला दातसुद्धा बाहेरून पांढराच दिसतो. मी आत बघते.”

“दुसरा घडवतो, बाई.”

“घडवा. पण पंधरा दिवसांनी, शनिवारी, मी ट्रक घेऊन येणार. जमलं असलं तर ट्रक रिकामा जाईल. नाहीतर गाडी नेते. एका गाडीवर दोन तऱ्हेचं काम मला चालणार नाही. दोन्हीकडे फायबर बसवून देणारे पुष्कळ आहेत.”

दोन्हीकडे! म्हणजे वडिलांचे मडगार्डही उतरणार. गावात शिल्लक राहिलेला काटा तेवढा एकच होता. बाकीच्या गाड्या कुठे विकल्या गेल्या, कुठे मोडीत निघाल्या. तो भंगारात गेला की माझ्या वडिलांच्या हाताचा या जगात पुरावा उरणार नव्हता. बाई निघून गेल्यावर मी कितीतरी वेळ हातोडी हातात धरून तसाच उभा राहिलो.

शेजारच्या शेडमध्ये माझा बालमित्र रंगारी मोटारींना रंग मारतो. त्याचे तोंड कधी गप्प नसते. तो येऊन म्हणाला, “काय रे, मौन धरलंस की दातखीळ बसली? बाईंनी इंजेक्शन दिलं वाटतं.”

“त्या दोन्हीकडे फायबर बसवणार म्हणतात.”

“फायबर!” तो क्षणभर खरोखरच गंभीर झाला. “अरे, तुझा बाप दोन्ही हातांनी मारायचा. माझे वडील सांगायचे, आत दोन हातोड्या नाचल्यासारखा आवाज यायचा. तुला एका हाताचंच धड जमेना.”

“तुझ्या वडिलांनी पाहिलं होतं का कधी?”

“पाहणार कसं? काटा घालताना तुझा बाप दार लावून घ्यायचा ना. भल्या दुपारी, गल्ली पेंगत असताना. विद्या कोणी उघड्यावर मांडतं का?”

दुसरा पत्राही बोलला. तिसराही बोलला. दर वेळी घडे ते असे: उजव्या अंगाच्या ओळी पूर्ण करून मी हात बदलला, की पत्र्याचे पोट एका बाजूला सरकलेले असे; डाव्या अंगाने ते परत आणायला जावे, तर कण्यापाशी पत्रा सैल पडे. जणू गादीची एक बाजू दाबली की दुसरी वर यावी. डाव्या मनगटात आता अशा कळा येत होत्या, की हातोडी निसटून पायावर पडेल असे भय वाटे.

अखेरीस मी ठरवले, की वडिलांचे मडगार्ड उतरवून त्याच्या पोटावरचे डांबर खरवडायचे. गंज लागू नये म्हणून आतून डांबराचा जाड लेप दिलेला असतो. त्यातून ओळींचा उंचसखलपणा दिसतो, परंतु ठोका न् ठोका दिसत नाही. वडिलांनी आरंभ कुठून केला, हात कुठे बदलला, हे कळले तर मार्ग सापडेल, अशी माझी अटकळ होती. मी मडगार्ड लाकडी घोडीवर पाळण्यासारखे उताणे ठेवले, रॉकेलचे बोळे फिरवले, लाकडी पट्टीने लेप काढला आणि कण्यापाशी दिवा धरला.

वाचकहो, आता जे लिहितो ते कृपया सावकाश वाचावे.

दोन ठोके एकमेकांवर पडले, तर मागाहून पडलेल्याची कड अखंड राहते आणि आधीच्याची मोडते. त्यावरून कोणता आधीचा, कोणता नंतरचा, हे निर्विवाद ठरते. कण्यावर उजव्या ओळींची टोके आणि डाव्या ओळींची टोके एकमेकांवर चढलेली होती. एका माणसाने काम केले असते, तर एका अंगाचे सर्व ठोके खाली आणि दुसऱ्या अंगाचे सर्व वर दिसायला हवे होते. तसे नव्हते. पहिला उजवा, त्यावर डावा, त्यावर उजवा, त्यावर डावा. बोटांत बोटे गुंफावीत तसे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक ठोक्याला हातोडी या हातातून त्या हातात, आणि खालचा ठोकळा त्या हातातून या हातात, अशी अदलाबदल कोण करील? आणि केली तरी ओळी इतक्या सरळ कशा राहतील? शिवाय उजवे ठोके रुंद आणि उथळ होते, डावे लहान आणि खोल. हातोड्याही दोन होत्या.

मी दिवा खाली ठेवला.

काटा एका माणसाने घातलेलाच नव्हता. दोन माणसे समोरासमोर उभी राहून, एकाच वेळी, एकाआड एक ठोके घालत होती. म्हणूनच पोट कुठे सरकत नव्हते. दोन्ही हातांनी मारणारा मिस्त्री कधी अस्तित्वातच नव्हता. आणि जो नव्हता त्याच्यासारखे होण्याकरिता मी माझे मनगट निकामी करून घेतले होते.

मी धावत रंगाऱ्याकडे गेलो आणि त्याला ओढून आणले. त्याने तोंडावरचा फडका खाली केला आणि दिव्याजवळ वाकून ठोके पाहिले.

“मग हा दुसरा कोण?” तो हळूच म्हणाला.

“मला ठाऊक नाही.”

“एखादा कारागीर ठेवला असेल लपवून. डावरा. दार लावून त्याच्याकडून काम करून घ्यायचं आणि नाव आपलं लावायचं. म्हणजे तुझा बाप…”

“पुढे बोलू नकोस.”

“बरं, नाही बोलत. पण लेका, तो कुणीतरी बिचारा असेलच ना कुठेतरी.”

तेच शल्य मला बोचू लागले. ज्या पुरुषाला मी आयुष्यभर आदर्श मानले, त्याने एका माणसाचा हात चोरला होता काय? दुकानात माझे मन लागेना. मी तसाच घरी निघालो. वाटेत ओळखीच्या माणसांनी हाका मारल्या. एकालाही ओ देण्याचे भान मला राहिले नाही.

आई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून लसूण सोलत बसली होती. आईचे वय झाले आहे; कानाला थोडे कमी ऐकू येते, परंतु जिभेची धार तीळभर कमी झालेली नाही. मी तिच्यापुढे स्टूल ओढून बसलो.

“लवकर आलास? दुकानाला आग लागली का?”

“आई, एक विचारतो. खरं सांगशील?”

“खोटं सांगायला मी काय रंगारी आहे?”

“बाबा काटा घालायचे, तेव्हा त्यांच्यासोबत दुसरा कोण असायचा?”

तिने पाकळीचे साल काढले, पाकळी वाटीत टाकली आणि मान वर न करता म्हणाली, “मी.”

मला वाटले तिला प्रश्न नीट ऐकू गेला नाही. मी मोठ्याने म्हणालो, “डबा कोण न्यायचं ते नाही विचारत, आई. पत्र्यावर ठोके घालायला. डाव्या बाजूला. कोण कारागीर होता?”

“ओरडू नकोस, बहिरी नाही मी. मीच म्हणते आहे ना? डाव्या बाजूला मी. उजव्या बाजूला हे.”

तेव्हा माझे लक्ष तिच्या हाताकडे गेले. चाकू डाव्या हातात होता. आई डावरी आहे, हे मला जन्मापासून माहीत होते. ते मला इतके माहीत होते, की ते मी कधी पाहिलेच नव्हते. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

“असा काय बघतोस भूत बघितल्यासारखा? मी डबा द्यायला जायचे. यांचं पोट नेहमी एका बाजूला पळायचं. पत्र्याचं म्हणते मी, यांचं नाही. कपाळाला हात लावून बसलेले असायचे. म्हटलं, अहो, तिकडून मी मारू का? म्हणाले, तुला काय येतंय. म्हटलं, तुम्हाला तरी कुठे येतंय. झालं, दिली हातोडी.”

“आणि दार लावून घ्यायचात?”

“मग काय बोंब मारायची? गिऱ्हाईक म्हणालं असतं, मिस्त्री बायकोच्या हातचं खातो ते खातो, वर गाडीही तिच्याकडून ठोकून घेतो. कोण आपली मोटार आणून लावणार होतं? हे म्हणायचे, तुझं नाव सांगतो. मीच नको म्हटलं. नावाने काय चूल पेटते?”

स्वयंपाकघरात सौभाग्यवती पातेले हातात धरून ऐकत उभ्या होत्या.

“मग बंद का केलंत?” मी विचारले. हा प्रश्न विचारला नसता तर बरे झाले असते, असे मला पुढे कितीदा वाटले. पण मी विचारला.

“तू आलास ना दुकानात.” आई सहज म्हणाली. “शाळा सुटली तुझी, तोंड पाडून बसायचास. हे म्हणाले, पोराला हातोडी धरू दे. मग दार कसं लावणार? तुला बाहेर उभं करून? जागा दोघांपुरतीच होती. तू आत आलास, मी घरी राहिले.”

“बाबा सगळ्यांना सांगायचे, हात म्हातारा झाला.”

“मग काय सांगतील? बायको घरी बसली म्हणून?”

वाचकहो, घणाचा घाव मी पुष्कळदा पाहिला आहे. तो पत्र्यावर पडला की पत्रा आवाज करतो. माझ्याकडून कसलाच आवाज झाला नाही. वडिलांचा काटा माझ्या येण्याने मोडला होता. आपला हात गेला, हा कमीपणा त्यांनी स्वतःकडे घेतला; आईने आपली हातोडी खाली ठेवली; आणि मी त्या रिकाम्या जागेत उभा राहून, हरवलेली विद्या शोधत, आयुष्यभर उजवा हात पट्ट्याला बांधत राहिलो.

“आई, मी डाव्या हाताने सराव करायचो, तू रोज बघत होतीस. एकदाही बोलली नाहीस?”

आईने प्रथमच हातातला चाकू थांबवला. माझ्या सुजलेल्या मनगटाकडे पाहिले.

“मला वाटलं, तू माझ्यावर गेलास,” ती म्हणाली. “म्हटलं, उशिरा का होईना, पोरगं माझ्यावर गेलं. बरं वाटायचं बघून.”

सौभाग्यवतींनी पातेले खाली ठेवले आणि पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या. मग मी डॉक्टरीणबाईंची अट सांगितली, ट्रक सांगितला, फायबर सांगितले. आणि फायबर म्हणजे काय ते आईला समजावून सांगितले.

“म्हणजे प्लास्टिकच की,” आई म्हणाली. “यांच्या जागी प्लास्टिक?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालून दाराशी तयार होती.

दुकानात आल्यावर तिने आधी माझे तिन्ही वाया गेलेले पत्रे नखाने वाजवून पाहिले आणि एकेकाला नाव ठेवले. “हा रडतोय. हा नुसता बडबडतोय. हा तर तुझ्या मावशीसारखा, हात लावायच्या आधीच सुरू.” मग माझ्या हातोड्या उचलून पाहिल्या आणि म्हणाली, “ही खेळणी कुणाची?” अडगळीच्या फळीवरून तिने आखूड दांड्याची, जड डोक्याची पण लहान तोंडाची एक हातोडी निवडली. ती मी आजवर खिळे ठोकायला वापरत होतो.

चौथे मडगार्ड मोगरीखाली पोट धरून आधीच तयार होते. ते मी घोडीवर उताणे ठेवले, आणि न सांगताच दाराकडे वळलो. दाराची कडी हातात घेतली.

“काय करतोस?”

“दार लावतो.”

“उजेड काय तुझा बाप पाडणार? उघडं राहू दे.”

मी परत आलो. ती पत्र्याच्या त्या कडेला, मी या कडेला. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात खालून लावलेला ठोकळा. आईने हातोडी उचलली. माझ्या मनात आले, हे होणे नाही. हिला दुखापत होईल. इतक्यात तिचा पहिला ठोका पडला. टण्. आणि ती थांबली.

“मार की.”

मी मारला.

“अंहं. तू मारलास तो मनाने मारलास. माझा वाजला की त्याच्या मागोमाग. ऐक आणि मार.”

टण्. टण्. मी चुकत होतो. कधी दोघांचे ठोके एकदम पडत, कधी मधे पोकळी राही. बहिरी म्हणून जिच्याशी मी घरी मोठ्याने बोलत असे, ती माझ्या ठोक्यातील केसाएवढी दिरंगाई पकडत होती. “घाई. पुन्हा घाई. अरे, हे मागून कोणी धावतंय का? तुझे बाबा ऐकायचे बघ. भांडण झालेलं असलं तरी हातोडी ऐकायची.” दुपारपर्यंत तिचे आणि माझे ठोके एकाआड एक पडू लागले. तेव्हा मी एक विलक्षण गोष्ट अनुभवली. पत्र्याचे पोट सरकेनासे झाले. तिने एका अंगाने जितके ढकलावे तितके मी या अंगाने धरावे. पत्रा आमच्या दोघांच्या मधे जागच्या जागी ताठ होत चालला.

रंगारी कसलासा डबा मागायला आला, आणि उंबरठ्यावर एक पाय आत, एक बाहेर असा खिळून राहिला.

“काकू?” तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा तिच्याकडे. “काकू, तुम्ही होय?”

“का? तुझ्या बापाला आवाज यायचा ना दोन हातोड्यांचा? मग मोजता येत नव्हतं त्याला?”

रंगारी डबा न घेताच निघून गेला. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली एकेक करून काही ना काही मागायला आली.

आई फार वेळ उभी राहू शकत नव्हती. थोडे ठोके घालायचे, वाळूच्या पिशवीवर बसायचे, सौभाग्यवतींनी आणलेला चहा घ्यायचा, पुन्हा उठायचे. रात्री तिच्या खांद्याला सौभाग्यवती तेल चोळत, आणि मी शेजारच्या खोलीत डोळे उघडे ठेवून पडलेला असे. आठवडा असा गेला. शनिवार उजाडला तेव्हा कण्याच्या शेवटच्या टोकाशी वीतभर काम उरले होते.

आम्ही ते करीत असतानाच बाहेर ट्रक थांबला.

डॉक्टरीणबाई आत आल्या. दोन पावले टाकून त्या जागीच उभ्या राहिल्या. घोडीवर उताणे मडगार्ड, एका कडेला मी, दुसऱ्या कडेला नाकावर घसरलेला चष्मा सांभाळत हातोडी मारणारी माझी आई. आईने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ओळ पुरी झाल्यावरच तिने हातोडी खाली ठेवली.

“हे काय चाललंय, मिस्त्री?” बाईंचा आवाज अगदी उतरला होता. “या कोण?”

मी काही सांगण्यापूर्वी त्यांनी आरसा काढला. मग त्यांच्या लक्षात आले, की मडगार्ड उताणेच आहे, आरशाची गरज नाही. त्या वाकल्या. कणा पाहिला. मग वडिलांच्या मडगार्डाकडे गेल्या. तेही भिंतीशी उताणेच ठेवलेले होते, त्याचा कणा पाहिला. परत आल्या. असे त्यांनी कितीदा केले, देव जाणे. शेवटी त्यांनी जुन्या मडगार्डातील लहान, खोल ठोक्यांवरून बोट फिरवले, नव्यातील लहान, खोल ठोक्यांवरून फिरवले, आणि सावकाश मान वळवून आईच्या डाव्या हाताकडे पाहिले.

“आजोबा सांगायचे,” त्या म्हणाल्या, “मिस्त्रीच्या दोन्ही हातांत जादू आहे.”

“एकाच हातात होती,” आई म्हणाली. “दुसरा माझा.”

बाईंच्या हातातला आरसा खाली पडला आणि फुटला. त्यांनी तो उचललाही नाही. मी पुढे होऊन म्हणालो, “बाई, माझ्या वडिलांनी एकट्याने काटा कधीच घातला नव्हता. हे उजवं आई-बाबांचं आहे. हे डावं आईचं आणि माझं. तुमची अट होती, एका गाडीवर दोन तऱ्हेचं काम नको. आता निर्णय तुमचा.”

त्यांनी अंगठा कण्याच्या शेजारी टेकवला आणि दाबला. पत्रा गप्प होता. त्यांनी जागा बदलून पुन्हा दाबले. गप्प. मग त्या दाराशी गेल्या आणि बाहेर वाट पाहणाऱ्या ट्रकवाल्याला म्हणाल्या, “तुम्ही जा.”

“रिकामाच?”

“रिकामाच.”

वळून त्यांनी आईला विचारले, “मग आज बसवून मिळेल ना?”

आईने वाकून मडगार्डाच्या शेवटच्या टोकाशी नख वाजवले आणि कान दिला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

“आज नाही,” ती म्हणाली. “हा इथे अजून कुजबुजतोय. सोमवारी या.”

वाचकहो, वृत्तांत येथे पुरा झाला. तो लिहिताना माझे हात अनेकदा थांबले, कारण अजूनही सकाळी दुकान उघडताना मला आईच्या त्या पहिल्या ‘मी’ची आठवण होते. काही चुकले असल्यास ते माझ्या अल्प शिक्षणाच्या माथी मारावे. आपण आपला मोलाचा वेळ देऊन एका पत्रेवाल्याचे लिहिणे शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
धाकटा मिस्त्री